साठाला दोन कमी : कळंगुटच्या एका हॉटेलातल्या कामाच्या नोंदी

काम : ३८ खोल्यांचं घरगुती मालकीचं हॉटेल आणि त्याच मालकांचा किनाऱ्यावरचा शॅक (सीझनपुरतं उभारलेलं उपाहारगृह). चार कामगार संहितांप्रमाणे पगारपत्रक, नेमणूकपत्रं आणि रजिस्टरं लावून देणे. मी म्हापशाची, पगार, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा सरकारी विमा) यांची कामं बघते. नोंदी स्वतःसाठी लिहिल्या होत्या, नावं गाळून इथे ठेवते आहे.

२१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

लागू झाल्या. चारही, एकाच दिवशी. वेतन संहिता २०१९ची, बाकी तीन २०२०च्या: औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि ती लांबलचक नावाची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य वगैरे. २९ जुने कायदे त्यांत विरघळले. पाच वर्षं दर एप्रिलला 'यंदा येणार' म्हणून मी गिऱ्हाइकांना घाबरवत आले. गेल्या वर्षापासून सांगणंच सोडलं होतं, आणि आता आल्या.

संध्याकाळी हॉटेलचे मालक, भाऊ, त्यांचा फोन. पहिला प्रश्न: "बाय, पगार वाढवचे पडटले?" म्हटलं, पगार कदाचित नाही, पण कागद नक्की वाढतील. ते हसले. त्यांना वाटलं मी माझी फी वाढवते आहे. थोडंसं तेही खरं.

सोमवारी बसायचं ठरलं. सीझन भरात असताना हे काम कुणी काढत नाही, पण कायद्याला सीझन नसतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कळंगुटला सकाळी पोचले. पार्किंगला जागा नाही, शेवटी हॉटेलच्या मागे नारळाखाली स्कूटर लावली.

आज फक्त मोजणी. हॉटेलात ४४ माणसं, शॅकवर १४. एकूण ५८. हॉटेलातली २१ बारमाही, २३ जण ऑक्टोबरला येतात आणि मे अखेर जातात. शिवाय वॉचमन आणि लाँड्रीची नऊ माणसं ठेकेदाराची. ती आपल्या आकड्यात नाहीत, पण लक्षात ठेवायची.

नेमणूकपत्रं मागितली. मॅनेजरने एक फाइल आणली, तिच्यात सहा. त्यांतल्या दोनांवर सही. एक पत्र अशा बाईचं, जी लग्न होऊन सावंतवाडीला गेली त्याला चार वर्षं झाली. बाकीच्यांचं काय? "तोंडी," मॅनेजर म्हणाला. वर पुन्हा, "सगळे ओळखीचेच."

नव्या कायद्यात दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. वाचायला ही ओळ सगळ्यात साधी वाटते. माझा अंदाज असा की सगळ्यात जास्त डोकेदुखी हीच देणार. पत्र लिहायचं म्हणजे हा माणूस कोणाचा, कधीपासूनचा आणि कशासाठीचा, ही तीन उत्तरं लागतात, आणि या हॉटेलात ती कुणी कधी लिहून काढलेली नाहीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

देशभर कामगार संघटनांची निदर्शनं. एका वेटरने विचारलं, "दीदी, अब मालिक कभी भी निकाल सकता है क्या?" त्याने मोबाइलवर ३००चा आकडा पाहिला होता.

त्याला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. कामगार कपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० झाली. स्थायी आदेशांचीही (नोकरीच्या अटींची लेखी नियमावली) तशीच. संघटना चिडल्या आहेत त्या यावर. आपण ५८. जुन्या कायद्यातही आपल्याला ते लागू नव्हतं, आताही नाही. पण कपात करायची तर नोटीस आणि भरपाई तेव्हाही होती, आताही आहे.

मालकांचा गैरसमज बरोबर उलटा असतो: ३००च्या खाली सगळं माफ. तसं नाही. वेतन संहिता एक माणूस असला तरी लागू. ईएसआय आणि लैंगिक छळ प्रतिबंध समिती दहाला, पीएफ आणि तक्रार निवारण समिती वीसला, पाळणाघर पन्नासला. पाळणाघराचं भाऊंना अजून सांगितलेलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

दिवसभर पगारपत्रक.

'वेतन' या शब्दाची व्याख्या आता चारही संहितांत जवळजवळ एकच. मूळ पगार, महागाई भत्ता, रिटेनिंग अलाउन्स (काम नसतानाही माणूस धरून ठेवायला दिलेला भत्ता) हे आत. घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम, कमिशन, बोनस वगैरेंची एक यादी बाहेर. पण बाहेरच्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेली, की वरची रक्कम परत वेतनात ओढली जाते.

आमचा शेफ. महिना ४२,००० : मूळ १५,०००, घरभाडं १२,०००, प्रवास ६,०००, सीझनचा ठरलेला ओव्हरटाइम ९,०००. बाहेरची बेरीज २७,०००. निम्मे २१,०००. वरचे ६,००० आत. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्याचं वेतन २१,०००.

पीएफ? आधीच १५,०००च्या मर्यादेवर १,८०० कापतो, काहीच हलत नाही. हलते ग्रॅच्युइटी (नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून). नऊ सीझन म्हणजे नऊ वर्षं धरली तर जुन्या हिशेबाने १५,००० × १५ ÷ २६ × ९, म्हणजे ७७,८८५. नव्याने १,०९,०३८. (नऊ धरायची की नाही, ते नंतर बघते. मॅनेजर म्हणतो "सात-आठ असतील", शेफ म्हणतो नऊ.)

आणि एक गंमत जी मला तिसऱ्यांदा आकडे तपासल्यावर दिसली. ईएसआयची मर्यादा २१,०००. पूर्वी घरभाडंही मोजलं जाई, त्यामुळे शेफ मर्यादेच्या बाहेर होता. आता त्याचं वेतन बरोबर २१,०००. मर्यादा ओलांडली तर बाहेर, आणि हा काठावर उभा आहे, म्हणजे आत. ४२,००० कमावणारा माणूस ईएसआयमध्ये! त्याचे १५८ रुपये, हॉटेलचे ६८३. भाऊ म्हणाले, त्याला मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात कोण नेणार? म्हटलं भाऊ, तो ओडिशाचा आहे, बायको-मुलं तिकडे आहेत, आणि ईएसआय तिकडेही चालतं. यावर ते गप्प.

दुसरं उदाहरण लिहून ठेवते, कारण त्यात नव्या कायद्याचा दोष नाही. एक स्टुअर्ड, २०,००० : मूळ १२,५००, स्पेशल अलाउन्स ३,५००, घरभाडं ४,०००. पीएफ फक्त मूळवर, १,५०० कापत होते. स्पेशल अलाउन्स बाहेरच्या यादीत नाहीच, म्हणजे वेतन १६,०००, कपात १५,०००वर १,८००. पोराच्या हातात ३०० कमी येणार आणि तो संहितेला शिव्या घालणार. पण सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफमध्ये धरा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९मध्येच सांगितलं होतं. सहा वर्षं आपण दुर्लक्ष केलं. 'आपण' म्हणजे मीसुद्धा. हे पत्रक तीन वर्षं माझ्याच हातून जातं.

३ डिसेंबर, बुधवार

जुन्या गोव्याचं फेस्त, सुट्टी. सगळे तिकडे. मी घरी कॅलेंडर घेऊन बसले.

प्रश्न : सीझनच्या २३ जणांची नोकरी दर वर्षी नवी, की चालू?

शॅकचं उत्तर सोपं. शॅक उभा राहतो आणि मे संपताना उतरतो. ती हंगामी आस्थापना. तिथे ग्रॅच्युइटी प्रत्येक हंगामाला सात दिवसांच्या वेतनाची, आणि त्या हंगामात शॅक जितके दिवस चालला त्यातले ७५ टक्के दिवस माणसाने काम केलेलं हवं. १६,०००वाल्याला हंगामाचे ४,३०८. ठीक.

हॉटेल मात्र पावसाळ्यातही उघडं असतं. निम्म्या खोल्या बंद, पाटीवर 'मान्सून ऑफर', पण उघडं. म्हणजे आस्थापना हंगामी नाही, माणूस हंगामी आहे. त्याला वेगळा नियम : बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं की वर्ष अखंड धरलं जातं. पगारी साप्ताहिक सुट्ट्या त्यात मोजायच्या, हे न्यायालयांनी १९८५पासून सांगितलेलं आहे.

आता मोजू. १ ऑक्टोबर ते ३१ मे. ३१, ३०, ३१, ३१, २८, ३१, ३०, ३१. बेरीज २४३.

पेन खाली ठेवलं आणि चहा करायला उठले.

तीन दिवसांनी वर. पिढ्यान्‌पिढ्या गोव्यात माणसं सीझनला येतात आणि जातात, आणि सगळे समजतात की मे महिन्यात हिशेब संपला. १ ऑक्टोबरला आलेल्याचा संपतच नाही. जो १५ ऑक्टोबरला आला त्याचे २२९, तो बाहेर. चौदा दिवसांचा फरक, आणि एकाची नऊ वर्षं नोकरी, दुसऱ्याची शून्य. बरं, हा २४०चा नियम नव्या संहितेने आणलेलाही नाही, जुन्या ग्रॅच्युइटी कायद्यातून जसाच्या तसा उचललाय. नव्या कायद्याने फक्त पत्र लिहायला लावलं म्हणून मी दिवस मोजले.

रजेचंही तसंच. पूर्वी २४० दिवसांवर मिळायची, आता कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की दर वीस दिवसांना एक. जानेवारी ते मे १५१, ऑक्टोबर ते डिसेंबर ९२. सुट्ट्या वजा करून २०८ धरले तरी दहा रजा. आजवर या २३ जणांना कुणी एक रजा लिहून दिलेली नाही.

मग शेफचे सीझन. मॅनेजरच्या मस्टरवरून : पहिला ऑक्टोबर २०१६, शेवटचा पुरा मे २०२५. नऊ. पण २०१९-२०चा सीझन २४ मार्चला लॉकडाऊनने संपला : १७६ दिवस. पुढच्या वर्षी हॉटेल उघडलं १ नोव्हेंबरला : २१२. दोन्ही २४०च्या खाली. म्हणजे नऊ नव्हे, सात. ८४,८०८. मॅनेजर आणि शेफ दोघेही आपापल्या परीने बरोबर होते तर.

४ डिसेंबर, गुरुवार

२४३चं भाऊंना सांगितलं. त्यांनी क्षणभरही न घेता विचारलं, "मग पुढच्या वर्षी सगळ्यांना १० तारखेला बोलावलं तर?"

२३४. हिशेब त्यांनी मनातच केला होता. धंदेवाईक माणूस आहे, राग येत नाही.

मी म्हटलं तसं योजनेत लिहून मी देणार नाही. तुम्ही करायचं तर करा. पण २ ऑक्टोबरच्या सुट्टीला हॉटेल फुल असतं, यंदा दसराही त्याच दिवशी होता. त्या आठवड्यात वेटर नसेल तर प्लेटा कोण उचलणार? वहिनी मागे बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी मीच उचलल्या." विषय तिथे थांबला.

पर्याय मी दोन मांडले. एक, सगळ्यांना ठराविक मुदतीची लेखी नेमणूक. तेच काम करणाऱ्या कायम माणसाएवढाच पगार आणि सोयी, आणि एक वर्ष झालं की ग्रॅच्युइटी, पाच वर्षांची वाट नाही. दोन, ज्यांच्याशिवाय स्वयंपाकघर चालत नाही त्या दहा-बारा जणांना बारमाही करणं, पावसाळ्यात पाळीपाळीने रजा. भाऊ म्हणाले पळोवया, बघूया. गोव्यात 'पळोवया' म्हणजे होकारही नाही आणि नकारही नाही.

१० डिसेंबर, बुधवार

केंद्रीय कामगार मंत्रालयाचा खुलासा : पीएफ १५,०००च्या वैधानिक मर्यादेवरच कापत असाल तर हातातला पगार कमी होणार नाही. सकाळपासून अकरा जणांनी तो मला फॉरवर्ड केला, त्यात तो स्टुअर्डही. त्याची कपात आजवर मर्यादेच्या खालीच होती, म्हणून त्याचे ३०० जाणारच, हे त्याला कागदावर मांडून दाखवलं. मान हलवली. पटलं नाही. भाऊंनी त्याचा पगार ५०० नी वाढवला, मला न विचारता. बरं केलं.

१५ डिसेंबर, सोमवार

शॅकच्या चौदापैकी नऊ जणांचं पीएफ खातंच नाही. हे गिऱ्हाईक माझ्याकडे आलं तेव्हा शॅक माझ्या कागदात नव्हता, पण मी विचारलंही नव्हतं.

नशिबाने वेळ बरी आहे. पीएफची नोंदणी मोहीम १ नोव्हेंबर २०२५ ते ३० एप्रिल २०२६ चालू आहे. १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात राहून गेलेले, पण आज कामावर असलेले लोक मालकाने स्वतः जाहीर करायचे. कामगाराचा हिस्सा कापलेला नसेल तर तो माफ. दंड एकरकमी १०० रुपये. मालकाचा हिस्सा आणि व्याज मात्र भरायचं. १५,०००वाल्या माणसाचे महिना १,८००, आठ महिन्यांचे १४,४००, तीन सीझनचे ४३,२०० आणि वर व्याज. नऊ जणांचं मिळून जे येतं ते पाहून भाऊंनी चष्मा काढून पुसला. पण नंतर पकडलं गेलं तर काय, हे त्यांना मी सांगायची गरज पडली नाही.

अडचण आली ती भलतीकडेच. नवा यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) आता सरकारच्या उमंग अॅपवर चेहरा दाखवून निघतो. शॅकच्या मागे माणसं राहतात तिथे दिवसासुद्धा अंधार आणि नेटवर्कची एक कांडी. शेवटी सगळ्यांना हॉटेलच्या गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीशेजारी. एकजण दाढी वाढवून आधारच्या फोटोपेक्षा वेगळाच झालेला, तीनदा नापास झाला, खाली जाऊन दाढी करून आला, पास. दोघे नेपाळचे, त्यांना चेहऱ्याची अट नाही, जुन्याच पद्धतीने. ते इतका वेळ बाजूला उभं राहून बाकीच्यांची मजा बघत होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मुक्तिदिन. पगारी सुट्टी, कामावर आलेल्यांची वेगळी यादी करून ठेवायला सांगितली. झाली असावी.

२९ डिसेंबर, सोमवार

शुक्रवारी २६ला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी, एक वेटर राजीनामा देऊन गेला. दुसऱ्या हॉटेलने जास्त दिले. मॅनेजरने रागाने ठरवलं की याचा हिशेब सात तारखेच्या पगारात बघू.

जुन्या कायद्यात मालकाने काढलं तरच दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत हिशेब द्यावा लागे. नव्यात राजीनाम्यालाही तेच, दोन कामाचे दिवस. म्हणजे आज शेवटचा.

मला हे कळलं आज दुपारी चारला, कारण मॅनेजरने रजेचे दिवस विचारायला फोन केला. मस्टर शॅकवर, ओव्हरटाइमची वही स्वयंपाकघरात तुपाच्या डब्याखाली, आगाऊ घेतलेल्या पैशांची चिठ्ठी भाऊंच्या खिशात. पैसे आज जाणं शक्य नाही. चूक माझी : या कलमाची सूचना मी मॅनेजरला लिहून द्यायला हवी होती, मी फक्त भाऊंना सांगितली होती.

(२ जानेवारीची भर : पैसे आज गेले. कमी किंवा न दिलेल्या वेतनाचा दंड ५०,०००पर्यंत आहे, आणि इन्स्पेक्टर आता 'निरीक्षक-तथा-सुविधाकार' म्हणून नोंदींसारख्या चुकांत पहिल्यांदा दुरुस्तीला वेळ देतो. त्यावर विसंबायचं नाही. मॅनेजरच्या टेबलावर पुठ्ठा लावला : 'माणूस गेला = बायला फोन = त्याच दिवशी'.)

याचा मोठा अर्थ मे महिन्यात कळणार आहे. मुदत संपून जाणं हा प्रकार त्या कलमात शब्दशः नाही, पण २३ जणांना आम्ही तोच नियम लावायचं ठरवलंय. ३१ मे २०२६ रविवार आहे. म्हणजे मंगळवार २ जूनपर्यंत २३ हिशेब. ओव्हरटाइमची वही तुपाच्या डब्याखालून काढणं भाग आहे.

३१ डिसेंबर, बुधवार

काल केंद्राने चारही संहितांचे मसुदा नियम काढले. औद्योगिक संबंधांवर हरकतीला ३० दिवस, बाकी तिघांवर ४५. हॉटेलासाठी समुचित सरकार राज्याचं, त्यामुळे आपल्याला राज्याचे नियम बघायचे. तोवर विसंगत नसलेले जुने नियम चालू. फॉर्म बदलतील म्हणून रजिस्टरं एक्सेलमध्येच ठेवते, छापील घेत नाही. छापखानेवाल्याने 'नवीन कायद्याची रजिस्टरं' म्हणून गठ्ठा दाखवला होता, तो घेतला नाही.

बाहेर फटाके चालू झालेत. बागा बीचवरचे लोक पहाटेपर्यंत झोपू देणार नाहीत.

८ जानेवारी २०२६, गुरुवार

रिसेप्शनच्या तीन मुली. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बायकांना काम देता येतं, त्यांची संमती असेल आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर. मॅनेजरने नेमणूकपत्रातच एक ओळ टाकली होती : 'रात्रपाळीस माझी संमती आहे.' ती मी खोडली. नोकरी मिळवायला सही करताना दिलेली संमती ही संमती नव्हे, असं माझं मत. वेगळा कागद केला, मागे घेता येईल असा. एकीने नाही म्हटलं. दोघी म्हणाल्या, शिवोलीपर्यंत गाडी सोडणार असेल तर हो. गाडीचा खर्च महिना किती, ते भाऊंना द्यायचंय.

१३ जानेवारी, मंगळवार

काल टीसीएसचे तिमाही निकाल आले. नव्या संहितांपोटी एकदाच २,१२८ कोटी बाजूला काढलेत, बहुतेक ग्रॅच्युइटीचे. भाऊंना बातमी दाखवली, म्हटलं बघा, त्यांनाही करावं लागलं. "त्यांच्याकडे आहेत," भाऊ म्हणाले.

आमचा आकडा आज पक्का केला. २४०चा नियम लावून, नव्या वेतनावर, पात्र सगळ्यांची मिळून १४ लाख ६० हजारांची जबाबदारी. ताळेबंदात आजवर होते ते चार लाख. सीएकडे पाठवलं. एकदम भरायचे नाहीत, पण आहेत हे लिहायला हवं.

२० जानेवारी, मंगळवार

दोन समित्या.

तक्रार निवारण समिती : निम्मे मालकाचे, निम्मे कामगारांचे, जास्तीत जास्त दहा, अध्यक्षपद आळीपाळीने. कामगारांनी स्वतः निवडले. स्वयंपाकघरातून निवडून आला तो दाढी करून आलेला. कसा, ते माहीत नाही.

लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती कागदावर २०१९पासून आहे. अध्यक्ष वहिनी. तिथेच अडलं. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला *कर्मचारी* हवी, आणि वहिनी भागीदार आहेत. शिवाय बाहेरची सदस्य म्हणून त्यांची मावसबहीण. मी म्हटलं हे चालणार नाही. वहिनींना जरा लागलं. मग त्यांना सांगितलं की २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशाला या समित्या नीट करायचे आदेश दिले, ते आपल्याच गोवा विद्यापीठातल्या प्रकरणात. तिथली चौकशी इतकी घाईत उरकली होती की निर्णयच रद्द झाला. घाईची आणि घरगुती समिती तक्रारदाराच्याही कामाची नाही आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याही. हाउसकीपिंगची सुपरवायझर बाई अध्यक्ष झाली. बाहेरची सदस्य पणजीच्या एका संस्थेतली.

पाळणाघराचंही आजच सांगून टाकलं. पन्नासच्या वर आहोत, सामायिक सोयही चालते. शेजारच्या दोन हॉटेलांशी बोलायचं ठरलं. ठेकेदाराच्या नऊ माणसांबद्दल एवढंच : पन्नासच्या आत असल्याने परवान्याचं प्रकरण येत नाही, पण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो आपल्या गळ्यात. दर महिन्याला त्याची पगाराची बँक-यादी मागवायची.

२ फेब्रुवारी, सोमवार

नेमणूकपत्रं. ५८. मराठी, हिंदी आणि इंग्रजी, ज्याला जी वाचता येते ती.

भाऊंचं 'पळोवया' अखेर असं झालं : बारा जण बारमाही, अकरा जण १ ऑक्टोबर ते ३१ मेच्या मुदतीवर. शॅकचे चौदा हंगामी. ज्यांची आधीची वर्षं २४०मध्ये बसतात त्यांच्या पत्रात मूळ रुजू तारीख लिहायची, हेही त्यांनी मान्य केलं. मी एवढं धरलं नव्हतं.

जेवणाच्या खोलीत टेबल लावून बसलो. दोन तास. बहुतेकांनी न वाचता सही केली, मी प्रत्येकाला वाचायला लावलं. कपभांडी धुणाऱ्या मावशींनी पत्र दुमडून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, रेशनकार्डाला चालेल का?

शेफ शेवटी आला. त्याने वाचलं. रुजू दिनांक १ ऑक्टोबर २०१६, पुढे 'ग्रॅच्युइटीसाठी मान्य सेवा : सात वर्षे (मे २०२५ अखेर)'. बोट सातवर ठेवून म्हणाला, "नौ."

मी त्याला दिवस समजावले. १७६, २१२, २४०. लॉकडाऊन. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, पण मी गेलोच कुठे होतो?

मी भाऊंकडे बघितलं. भाऊ जरा वेळ बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "तो खंय गेल्लो? हांगाच आशिल्लो." मार्च २०२०मध्ये गाड्या बंद झाल्या. नंतर श्रमिक ट्रेन सुटल्या तेव्हाही हा गेला नाही. एप्रिल ते सप्टेंबर हॉटेलात होता. खोल्या रंगवल्या, टाक्या साफ केल्या, विहिरीचा पंप बसवला, दोघांचं जेवण केलं. पगार नव्हता, महिन्याला काहीतरी हातात देत होतो, भाऊ म्हणाले. मस्टर? मस्टर कोण लिहिणार, मॅनेजर घरी होता.

वहिनींनी आतून जुनी डायरी आणली. हिरव्या शाईत : 'मे – रंग – ४०००', 'जून – पंप, ३५००', 'जुलै – शेफ ४०००', सप्टेंबरपर्यंत. ऑक्टोबरला 'बाथरूम टाइल्स, ४५००'. म्हणजे २०१९-२०चं वर्ष २४०वर कधीच गेलं होतं, आणि पुढचंही. ओव्हरटाइमची वही तुपाच्या डब्याखाली, पण ही डायरी देवघराच्या कपाटात, नीट.

पत्र तिथेच परत छापलं. प्रिंटरमध्ये शाई कमी, 'नऊ' जरा फिकट आलं, म्हणून मी वरून पेनाने गिरवलं आणि बाजूला भाऊंनी सही केली. डायरीच्या त्या सहा पानांच्या झेरॉक्स फाइलला लावल्या. बाकीच्या सीझनवाल्यांपैकी लॉकडाऊनमध्ये कोण कुठे होतं, ते उद्या विचारायचं.